मेडिक्लेममधून कापलेले पैसे नक्की कुणी भरायचे? हॉस्पिटलचं बिल, विम्याची कपात आणि सूट समजून घेताना

डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "कंपनीने एवढे मंजूर केलेत, उरलेले तुम्ही भरा." हे वाक्य अर्धंच खरं आहे. विमा कंपनीने बिलातून जे कापलं ते सगळं रुग्णाच्या नातेवाइकांनीच भरायचं, असा नियम कुठेही नाही. कापलेल्या रकमेत तीन वेगवेगळे पैसे मिसळलेले असतात. काही खरोखर तुमचे असतात, कारण पॉलिसीत ती गोष्ट वगळलेली असते. काही हॉस्पिटलने सोडायचे असतात, कारण कंपनीशी केलेल्या करारात त्यांनी तसं कबूल केलेलं असतं. आणि काही कंपनीनेच द्यायचे असतात, पण चुकीच्या हिशेबाने कापलेले असतात. पुढचं सगळं काम म्हणजे कपातीची प्रत्येक ओळ या तिघांपैकी कुणाची आहे हे ओळखणं.

हे काम डिस्चार्जच्या दिवशी सुरू केलं तर उशीर होतो. ते भरती व्हायच्या आधीपासून करावं लागतं.

भरतीआधी: पॉलिसीचं एक पान आणि पाच आकडे

पॉलिसीची चाळीस-पन्नास पानं वाचायला कुणाला वेळ नसतो, पण शेड्यूलचं पान वाचायलाच हवं. त्यावर या गोष्टी शोधा: विम्याची मूळ रक्कम, रूम रेंटची दैनिक मर्यादा, को-पे (दाव्यातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा) किती टक्के, कुठल्या आजाराला वेगळी मर्यादा आहे का, आणि आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (विमा घेतल्यावर ज्या काळात त्या आजारांचे पैसे मिळत नाहीत तो) संपला आहे का. रूम रेंटची मर्यादा टक्क्यांत असेल तर ती बहुधा मूळ विमा रकमेवर मोजतात, नो-क्लेमचा बोनस धरून नाही. ५ लाखांवर २ लाख बोनस साठला असला तरी एक टक्का म्हणजे ५,००० रुपयेच.

मर्यादा कशा असतात याचा अंदाज 'आरोग्य संजीवनी' या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींनी मिळणाऱ्या पॉलिसीवरून येतो. तिच्यात खोलीसाठी विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला कमाल ५,००० रुपये मिळतात. आयसीयूसाठी ५ टक्के, कमाल १०,००० रुपये. को-पे ५ टक्के. मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांतली कमी रक्कम. म्हणजे मोतीबिंदूचं बिल ६५,००० झालं तर वरचे २५,००० पहिल्या प्रकारातले, तुमचेच. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणूनच ते आधी माहीत असायला हवेत.

आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर आजार लपवल्याचं कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. फक्त सिद्ध झालेली फसवणूक आणि पॉलिसीतच कायमच्या वगळलेल्या गोष्टी याला अपवाद आहेत.

ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर हॉस्पिटलच्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दाव्यांचे कागद हाताळणारी संस्था) डेस्कवर तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. माझ्या पॉलिसीच्या मर्यादेत बसणारी खोली कुठली? या शस्त्रक्रियेचं माझ्या कंपनीबरोबर पॅकेज ठरलंय, की बिल खुलं होणार? अंदाजपत्रकात इम्प्लांट धरलंय का? अंदाजपत्रकात सर्जनची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल, खोली, औषधं आणि इम्प्लांट वेगवेगळे दाखवलेले हवेत. "साधारण दीड-दोन लाख" हे अंदाजपत्रक नव्हे.

कंपनीला कळवण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते. ठरलेल्या भरतीसाठी साधारण ४८ ते ७२ तास आधी आणि तातडीच्या भरतीत २४ तासांच्या आत, अशी ती बहुतेक ठिकाणी असते. हॉस्पिटल कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार केलेल्यांत, नसलं तरी कॅशलेस (कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला देणं) मागता येतं. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने जानेवारी २०२४ मध्ये तशी सोय सुरू केली आहे. मात्र तिथे हॉस्पिटलची तयारी लागते आणि ठरलेल्या भरतीत ४८ तास आधी कळवावं लागतं.

भरतीच्या वेळी: खोली आणि सही

सगळ्यात महाग चूक इथे होते. "डिलक्स रिकामी आहे, फरक फक्त रोजचे तीन हजार" असं सांगितलं जातं आणि घरचे हो म्हणतात. तो फरक तीन हजारांचा का नसतो, ते पुढे आकड्यांत पाहू. मर्यादेतली खोली शिल्लक नसेल तर काउंटरवर अर्ज द्या: "पात्र वर्गातील खोली उपलब्ध नसल्याने वरच्या वर्गात ठेवले आहे, उपलब्ध होताच हलवावे." त्यावर पोच घ्या. पुढे कंपनीशी किंवा हॉस्पिटलशी बोलताना हाच कागद उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट सहीची. भरतीच्या फॉर्ममध्ये बहुधा एक ओळ असते: "विमा कंपनीने न दिलेली कोणतीही रक्कम मी भरेन." सही करायला हरकत नाही, पण खाली हाताने एवढं लिहा: "पॉलिसीनुसार माझ्या वाट्याची रक्कम, कंपनीशी ठरलेले डिस्काउंट व दरातील फरक वगळून." काउंटरवरच्या माणसाने नाक मुरडलं तरी लिहा, आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवा.

डिपॉझिटची पावती जपा. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तेव्हा मोठी रक्कम कार्डाने किंवा बँकेतूनच भरा. कॅशलेस मंजूर झाल्यावर डिपॉझिट तुमच्या वाट्यातून वजा होऊन उरलेलं परत मिळायला हवं.

दाखल असताना: रोजचं बिल रोज बघा

बहुतेक मोठी हॉस्पिटलं मागितल्यावर चालू बिल देतात. एक दिवसाआड मागा. पाच दिवसांनंतर, तेराशे ओळींच्या बिलात, "मंगळवारी दुपारी हे इंजेक्शन दिलंच नव्हतं" हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. बुधवारी सकाळी ते सहज दाखवता येतं.

औषधांकडे जास्त लक्ष द्या. नर्सिंग स्टेशनवरून मागवलेली औषधं आणि प्रत्यक्ष दिलेली औषधं यांत फरक पडतो: डॉक्टर औषध बदलतात, रुग्ण आयसीयूतून वॉर्डात येतो, डोस कमी होतो. न वापरलेली बंद इंजेक्शनं परत जायला हवीत आणि त्याची 'मेडिसिन रिटर्न'ची नोंद अंतिम बिलाआधी पडायला हवी. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि मेरोपेनेमसारख्या महागड्या अँटिबायोटिक्सच्या कुप्या मोजाच. सिस्टरकडच्या ड्रग चार्टवर दिलेल्या प्रत्येक डोसची वेळ असते, आणि बिलातला आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. कुठल्याही औषधाला छापील एमआरपीपेक्षा जास्त दर लावता येत नाही.

अंतिम बिल: एका पानाचं नको, सगळ्या पानांचं हवं

पहिल्यांदा जे हातात देतात ते बहुधा सारांशाचं पान असतं: रूम एवढे, फार्मसी एवढे, प्रोसिजर एवढे. त्यावरून काही कळत नाही. तारखेनुसार तपशील असलेलं बिल मागा. ते मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत तो आहे, आणि महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद व मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे.

तपशील हातात आला की पेन घेऊन बसा. चुका ठरावीक ठिकाणी सापडतात.

रुग्ण आयसीयूतून वॉर्डात हलवला त्या दिवशी दोन्ही खाटांचं पूर्ण भाडं लागलेलं असतं. दिवस कसा मोजतात, दुपारी बारा ते बारा की भरतीच्या वेळेपासून चोवीस तास, हे विचारा आणि त्याप्रमाणे दिवस मोजा. डॉक्टरांच्या भेटी बघा. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये सर्जनच्या भेटी बहुधा धरलेल्या असतात, तरी त्या वेगळ्या लागतात. एकाच भुलीत दोन शस्त्रक्रिया झाल्या असतील तर बहुतेक करारांत दुसरीचा दर निम्मा असतो, म्हणून दोन्हींना पूर्ण दर लागला असेल तर विचारा. पॅकेज असताना ओटीचं सामान पुन्हा वेगळं दाखवलेलं दिसतं. रद्द झालेल्या तपासण्या बिलात तशाच राहतात. ज्या तपासणीचा रिपोर्ट फाइलमध्ये नाही, तिच्यावर खूण करा.

खोलीचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. १८ जुलै २०२२ पासून हा कर आहे आणि आयसीयू त्यातून वगळलं आहे. आयसीयूच्या भाड्यावर जीएसटी दिसला तर तो काढून घ्या.

इम्प्लांटची ओळ वेगळी असावी. हृदयातल्या स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, गुडघ्याच्या इम्प्लांटवरही त्याच वर्षापासून. हा दर वेळोवेळी बदलतो आणि राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, तो जाहीर करतं. स्टेंटची किंमत बिलात स्वतंत्र, ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांकासह दाखवावी लागते. पेटीवरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं असतं. त्याची प्रत आणि इम्प्लांटचं इनव्हॉइस घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. पुढे कंपनी पहिल्यांदा तेच मागते.

'किट' आणि 'मिसलेनियस'

या दोन शब्दांनी खूप पैसे जातात. कशाकशाचे पैसे विम्यात मिळत नाहीत याच्या चार प्रमाणित याद्या बहुतेक पॉलिसींच्या शेवटी परिशिष्टात असतात, आणि त्यांचा अर्थ वेगवेगळा आहे.

पहिल्या यादीत ६८ वस्तू आहेत आणि त्या सरळ तुमच्या खर्चाच्या: हातमोजे, मास्क, डायपर, क्रेप बँडेज, ईसीजीचे इलेक्ट्रोड, थर्मामीटर, नेब्युलायझर किट, कमरेचा पट्टा, मिनरल वॉटर, सर्टिफिकेटचे पैसे, खासगी नर्स, रक्तदात्याच्या नमुन्याची क्रॉस-मॅचिंग. पॉलिसीबरोबर कन्झ्युमेबल्सचं (वापरून टाकायच्या वस्तूंचं) रायडर, म्हणजे जादा संरक्षण, घेतलं असेल तरच यातलं बरंचसं मिळतं. याच यादीत 'तपशील न दिलेलं कुठलंही किट' ही नोंद आहे. म्हणून बिलात 'ऑर्थो किट ६,८००' असं दिसलं तर हॉस्पिटलकडून त्या किटमध्ये काय काय होतं याची फोड लेखी घ्या. फोड दिली की त्यातला देय भाग मिळू शकतो. नुसत्या 'किट' शब्दावर सगळे ६,८०० कापले जातात. 'मिसलेनियस'चंही तेच.

उरलेल्या तीन याद्यांकडे कुणी बघत नाही आणि तिथेच खरी गंमत आहे. दुसरी यादी ३७ वस्तूंची आहे. या गोष्टी खोलीच्या भाड्यातच धरलेल्या मानल्या जातात: एसीचे पैसे, हाउसकीपिंग, चादर, ब्लँकेट, गाउन, अॅडमिशन किट, फाइल उघडण्याचे पैसे, इंजेक्शन देण्याचे पैसे, पल्स ऑक्सिमीटर, डिस्चार्जच्या कागदपत्रांचा खर्च. तिसरीतल्या २३ वस्तू शस्त्रक्रियेच्या खर्चात मोडतात: कापूस, गॉझ, ब्लेड, एप्रन, एक्स-रेची फिल्म, सर्जिकल ड्रिल. चौथीतल्या १८ उपचाराच्या खर्चात: रजिस्ट्रेशन, इन्फ्युजन पंप, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, युरिन बॅग, स्टरिलियम, आहारतज्ज्ञाची फी.

दुसऱ्या ते चौथ्या यादीतली वस्तू वेगळी लावली की कंपनी ती कापते, कारण तिचे पैसे आधीच मोठ्या ओळीत आलेले असतात. मग हॉस्पिटल तीच रक्कम तुमच्याकडे मागतं. नेटवर्क हॉस्पिटलमध्ये इथे स्पष्ट सांगा: "ही वस्तू खोलीच्या भाड्यात धरलेली आहे, वेगळी लावता येत नाही. बिलातून काढा." पहिल्या यादीतल्या हातमोज्यांवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, या तीन याद्यांवर घाला.

मंजुरीपत्राची रचना

डिस्चार्जच्या वेळी कंपनी किंवा टीपीए हॉस्पिटलला अंतिम मंजुरीपत्र पाठवते. त्याची प्रत मागा. ती तुमच्या मोबाइलवर किंवा मेलवरही येते. विमा नियामक आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या विनंतीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा. तीन तासांहून जास्त वेळ लागल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे असतात. घड्याळ मात्र हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून सुरू होतं. म्हणून बिलिंगला विचारा: अंतिम बिल कंपनीला किती वाजता गेलं? कित्येकदा कंपनीच्या नावाने चाललेली वाट खरं तर हॉस्पिटलचं बिल तयार होण्याची असते.

पत्रात साधारण या ओळी असतात: एकूण बिल, अपात्र रक्कम, प्रपोर्शनेट कपात, हॉस्पिटल डिस्काउंट, को-पे, टीडीएस, मंजूर रक्कम. या पत्रातल्या प्रत्येक ओळीसमोर 'मी', 'हॉस्पिटल' किंवा 'कंपनी' असं लिहायचं आहे.

प्रपोर्शनेट कपात: पूर्ण हिशेब

पॉलिसी ५ लाखांची, खोलीची मर्यादा दिवसाला ५,०००, को-पे १० टक्के. रुग्ण ८,००० च्या खोलीत चार दिवस राहिला. बिल असं:

खोली: ३२,०००
खोलीवरचा जीएसटी: १,६००
सर्जन ६०,०००, भूलतज्ज्ञ १८,०००, ओटी २४,०००, भेटी १०,०००: एकूण १,१२,०००
औषधं व कन्झ्युमेबल्स: ३८,०००
तपासण्या: २६,०००
पहिल्या यादीतल्या वस्तू: ४,६००
एकूण: २,१४,२००

हॉस्पिटलचे सर्जनपासून ओटीपर्यंतचे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतात. म्हणून कंपनी म्हणते: पात्र खोली ५,००० ची, घेतली ८,००० ची, तेव्हा या दरांचाही पाच अष्टमांश, म्हणजे ६२.५ टक्के भागच देऊ. खोलीचे ३२,००० ऐवजी २०,००० झाले. सर्जन वगैरेचे १,१२,००० ऐवजी ७०,०००. जीएसटी पूर्ण गेला, कारण ५,००० च्या खोलीवर तो लागलाच नसता. औषधांचे ३८,००० आणि तपासण्यांचे २६,००० पूर्ण मिळायला हवेत. बेरीज १,५४,०००. त्यातून १० टक्के को-पेचे १५,४०० वजा केल्यावर मंजुरी १,३८,६०० आणि तुमचा वाटा ७५,६००.

खोलीचा फरक चार दिवसांचा १२,००० वाटला होता. प्रत्यक्षात या निवडीने १२,००० अधिक ४२,००० अधिक १,६००, म्हणजे ५५,६०० रुपये गेले. ही रक्कम तुमची आहे आणि कुठल्याही तक्रारीने परत येत नाही.

पण याच ठिकाणी कंपनीचा हिशेबही चुकतो. २०२० च्या आयआरडीएआय मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधं व कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्या यांच्यावर प्रपोर्शनेट कपात करता येत नाही. आयसीयूच्या भाड्यावरही नाही. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोली बदलली तरी दर तेच राहतात, तिथे ती मुळीच लावता येत नाही. वरच्या उदाहरणात एखाद्याने सरसकट ६२.५ टक्के लावले तर औषधांचे १४,२५० आणि तपासण्यांचे ९,७५०, मिळून २४,००० रुपये चुकीने कापले जातात. हे पैसे, १० टक्के को-पे वजा जाता २१,६००, कंपनीचे, आणि ते मागून मिळतात. हॉस्पिटलचे दर सगळ्या वर्गांना सारखे असतील तर लेटरहेडवर तसं पत्र घ्या. त्या एका कागदावर पूर्ण कपात मागे घेतली जाऊ शकते.

डिस्काउंट, दरातला फरक आणि टीडीएस: या ओळी तुमच्या नव्हेत

नेटवर्क हॉस्पिटल आणि कंपनी यांच्यात दर ठरलेले असतात, शिवाय एकूण बिलावर काही टक्के डिस्काउंटही. हॉस्पिटलच्या नेहमीच्या दरपत्रकात एखादी शस्त्रक्रिया ९०,००० ची असेल आणि कंपनीशी ती ७०,००० ला ठरली असेल, तर मधले २०,००० ही हॉस्पिटलने सोडलेली रक्कम आहे. त्याबदल्यात त्यांना कंपनीचे रुग्ण मिळतात. मंजुरीपत्रात 'दरापेक्षा जास्त' किंवा 'हॉस्पिटल डिस्काउंट' म्हणून कापलेले हे पैसे रुग्णाकडून वसूल करणं म्हणजे सोडलेली रक्कम मागच्या दाराने परत घेणं. अपवाद आहे: रुग्णाने स्वतःहून वरची खोली किंवा पॅकेजबाहेरची महागडी लेन्स निवडली, तर त्या निवडीचा फरक त्याचा.

टीडीएसची ओळ तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. हॉस्पिटलला पैसे देताना कंपनी किंवा टीपीए १० टक्के टीडीएस कापते. तो हॉस्पिटलचा आयकर आहे, हॉस्पिटलच्या खात्यावर जमा होतो आणि त्यांना विवरणपत्रात त्याचं श्रेय मिळतं. १,३८,६०० मंजूर झाले आणि हॉस्पिटलच्या हाती १,२४,७४० आले, तरी तुमच्या बाजूने १,३८,६०० भरले गेले. उरलेले १३,८६० मागितले तर साफ नकार द्या.

काउंटरवर

आधी टीपीए डेस्क, मग बिलिंग मॅनेजर, मग वैद्यकीय अधीक्षक, या क्रमाने जा. आवाज चढवून उपयोग होत नाही, कागद पुढे केल्याने होतो. "ही ओळ कुठल्या दरपत्रकाप्रमाणे?" आणि "हे तुमच्या करारानुसार माझ्याकडून घेता येतं, असं लिहून द्याल का?" हे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्या प्रश्नानंतर पुष्कळ रकमा आपोआप खाली येतात.

हॉस्पिटलने जी रक्कम सोडली ती बिलात 'सूट' किंवा 'कन्सेशन' म्हणून छापून घ्या आणि शेवटचं बिल शून्य बाकीचं घ्या. तोंडी सूट मिळाली आणि बिल पूर्ण रकमेचं राहिलं, तर पुढच्या भेटीत तीच बाकी पुन्हा समोर येते. शिवाय सूट लपवून पूर्ण बिलावर दावा करणं ही विमा कंपनीची फसवणूक ठरते.

वाद मिटत नसेल आणि रुग्णाला घरी न्यायचं असेल, तर वादातली रक्कम भरा, पण बिलावर आणि पावतीवर 'हरकतीसह भरले' असं लिहून. बिलासाठी रुग्णाला अडकवून ठेवणं किंवा पार्थिव न देणं बेकायदेशीर आहे. तसं झालं तर पोलिसांना ११२ वर फोन करा आणि महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे लेखी तक्रार द्या. उपचारादरम्यान मृत्यू झाला असेल तर कंपनीने दावा तत्काळ मार्गी लावायचा असतो, हेही त्याच २०२४ च्या परिपत्रकात आहे.

घरी आल्यावर

कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं नाही. पैसे भरून नंतर प्रतिपूर्तीचा दावा करता येतो. त्यासाठी भाग अ तुम्ही आणि भाग ब हॉस्पिटलने भरलेला क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, प्रिस्क्रिप्शनसह औषधांची बिलं, सगळे रिपोर्ट, इम्प्लांटचं स्टिकर व इनव्हॉइस, रद्द केलेला चेक आणि अपघात असेल तर एमएलसी (हॉस्पिटलने केलेली पोलीस प्रकरणाची नोंद) किंवा एफआयआरची प्रत लागते. मुदत बहुधा डिस्चार्जपासून ३० दिवस. मूळ कागद देण्याआधी सगळं स्कॅन करा. भरतीआधीच्या तपासण्या आणि घरी आल्यानंतरची औषधं यांचाही दावा पॉलिसीतल्या दिवसांपर्यंत करता येतो. ही रक्कम लोक सर्रास सोडून देतात.

कागद पूर्ण दिल्यावर कंपनीने १५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. उशीर झाला तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त व्याज. दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारला तर पॉलिसीतलं नेमकं कलम सांगावं लागतं, आणि नकाराआधी तो कंपनीच्या दावा पुनरीक्षण समितीपुढे जावा लागतो. कपातीवर तक्रार अशी लिहा ('रीझनेबल अँड कस्टमरी' म्हणजे बिल नेहमीच्या वाजवी दरापेक्षा जास्त आहे, हे कापण्याचं कारण):

"दावा क्रमांक ___. अंतिम बिल रु. ___ पैकी रु. ___ कापल्याचे कळवले आहे. औषधे व तपासण्यांवर केलेली प्रपोर्शनेट कपात रु. ___ रद्द करून ती रक्कम द्यावी. 'रीझनेबल अँड कस्टमरी' या कारणाने कापलेल्या रु. ___ साठी कोणत्या हॉस्पिटलच्या दरांशी तुलना केली ते कळवावे. उरलेल्या प्रत्येक कपातीसमोर पॉलिसीतील कलम क्रमांक द्यावा."

ही तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, टीपीएला नव्हे. टीपीए कागद हाताळते, निर्णयाची जबाबदारी कंपनीची. दोन आठवड्यांत समाधान झालं नाही तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. त्यानंतर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. कंपनीने उत्तरच दिलं नाही तर तक्रारीनंतर महिनाभर थांबून जाता येतं. राज्यात मुंबईप्रमाणे पुण्यातही लोकपालांचं कार्यालय आहे, आणि गोव्यातल्या तक्रारी मुंबईकडे येतात. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, त्याची मुदत दोन वर्षं. हॉस्पिटलने डिस्काउंट किंवा टीडीएस तुमच्याकडून घेतला असेल तर कंपनीच्या नेटवर्क विभागालाही कळवा, कारण करार त्यांचा मोडला आहे.

विमा नसेल किंवा पुरला नाही तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' (योजनेचा मदतनीस) बसतो, आणि भरती झाल्या झाल्या त्यालाच गाठा. उपचार झाल्यावर, पैसे भरून झाल्यावर, ही योजना मागे जाऊन लावता येत नाही. योजनेत बसलेल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. हेल्पलाइन १५५३८८.

दुसरा मार्ग धर्मादाय हॉस्पिटलांचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. हॉस्पिटलने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात टाकायची असते, आणि निर्धन रुग्णांच्या औषधांचा, इम्प्लांटचा खर्च तिथून, खरेदीच्या किमतीने, भागवायचा असतो. म्हणजे ही सूट हॉस्पिटलची मेहेरबानी नाही. तिच्यासाठी पैसा आधीच बाजूला काढलेला आहे. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधं, कन्झ्युमेबल्स आणि इम्प्लांट यांच्या खरेदी किमतीच्या किमान निम्मे भरायचे असतात.

त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेचं अथवा योग्य रंगाचं रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे अर्ज करा, शक्यतो भरतीच्या दिवशीच. तातडीच्या रुग्णाला आधी भरती करून उपचार सुरू करायचे असतात, डिपॉझिटसाठी थांबवायचं नसतं. "निधी संपला" असं उत्तर आलं तर ते लेखी मागा आणि त्या कागदासह जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयात जा. सूट मंजूर झाली की बिलावर 'निर्धन रुग्ण निधीतून' अशी नोंद आणि रक्कम छापून आली आहे ना, ते डिस्चार्ज कार्ड हातात घेण्याआधी पाहा.